खुंटीवरची पिशवी

मामांच्या खोलीत दारामागे एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर एक खाकी पिशवी बारा महिने टांगलेली असे. पिशवीत एक धुतलेलं धोतर, एक टोपी, एक टॉवेल आणि एक नारळ. माणूस आत्ता गावाला निघेल अशी ती पिशवी तयार, आणि मामा मात्र कुठेच जात नसत. नारळातलं पाणी वाजेनासं झालं की मामा तो नारळ फोडून गल्लीत खोबरं वाटत आणि नवा नारळ पिशवीत ठेवत. सुरतेत डिंडोलीच्या आमच्या खानदेशी गल्लीत लग्न नाही, बारसं नाही, सत्यनारायण नाही आणि तरी हातावर खोबऱ्याचा तुकडा पडला, की समजायचं मामांचा नारळ वाळला. "मामा, कुठं निघालात?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "बलावनं उनं ते जासू." त्यांना बोलावणं आलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तसे ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते. सगळी हयात लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तरकी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर भिंतभर टीव्ही आणला. लूमच्या खडखडाटानं कान गेलेले, त्यामुळे त्यांचा टीव्ही हा अख्ख्या गल्लीचा टीव्ही होता. जन्मभर उभं राहायची सवय, म्हणून मालिकाही ते उभ्यानंच पाहत. हात पाठीमागे, मान पुढे, कुठला लूम बिघडलाय ते बघावं तसे. आमच्या घरांतले टीव्ही क्रिकेटच्या आणि बातम्यांच्या ताब्यात होते. मामांनी जाहीर करून टाकलं होतं की संध्याकाळी माझ्या खोलीत मालिकाच लागेल आणि रिमोट कुठल्याही पुरुषाच्या हातात जाणार नाही, माझ्यासुद्धा. रिमोट समोरच्या गुजराती बांच्या मांडीवर असे. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणजे त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या.

संध्याकाळी आम्ही सात-आठ जणी साड्यांचे गठ्ठे घेऊन तिथे जमायचो. मार्केटमधून आलेल्या साड्यांचे सुटलेले धागे कापायचे काम आमच्या गल्लीत घरोघर चाले. डोळे टीव्हीवर, कात्री साडीवर. बांना दर प्रसंगानंतर कुणीतरी गुजरातीत सांगायचं, त्यामुळे त्यांचं रडणं नेहमी एक प्रसंग मागे असे. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू आणि बा पदरानं डोळे पुसताहेत, हे आम्हाला रोजचं झालं होतं.

मालिका एका तालुक्याच्या गावातल्या लग्नाची होती. नवऱ्याचं धान्याचं दुकान, भरलं घर, कडक सासू, शिकलेली सून. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, बाहेरख्याली नव्हता. फक्त बायकोकडे बघून बोलत नव्हता. काही बिनसलं की ताट सरकवून उठायचा, आणि मग चार-चार भाग त्या घरात भांड्यांचाच आवाज. यावरून आमच्या खोलीत तट पडायचे. माझ्या शेजारच्या जिजी, तोंडाच्या फटकळ, पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "मारत नही, पेत नही, मंग रडस काबर ही?" दुसरी कुणी म्हणायची, पोटभर खायला आहे, अंगभर सोनं आहे, आणखी काय पाहिजे. एखादी म्हणायची, माहेरी निघून जावं सरळ. तिला बाकीच्या गप्प बसवायच्या.

मामांना यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचे दोनच प्रश्न असत. जाहिरात लागली की ते आवाज बंद करायला लावत आणि मोठ्यानं विचारत, "जेवनी का ती?" ही सून सगळ्यांना वाढते, पण स्वतः जेवताना कधी दाखवत नाहीत, हे मामांनी पहिल्या आठवड्यात हेरलं होतं. तोवर आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि दुसरा प्रश्न, "हिले लेवाले कोनी काबर येत नही?" हिला न्यायला कुणी का येत नाही?

जिजी एकदा वैतागून म्हणाल्या, "मामा, टीव्ही शे तो. येवढी काळजी शे ते तुम्हीच जा ना लेवाले."

"माले समजस टीव्ही शे," मामा म्हणाले. "ती नटी घर जाईसन पोटभर जेवस, ते बी समजस. पन अशी पोर दुनियामा कोठेच नही का?"

सगळ्यांत आधी हसले ती मी. त्या खोलीत सुनेच्या विरुद्ध सगळ्यांत मोठ्यानं बोलणारीही मीच होते. थोडं जमवून घ्यायला काय होतं हिला, असं मी दर दोन दिवसांनी म्हणायची. जिजी मान डोलवायच्या. मला ते म्हणणं भागच होतं, कारण त्या सुनेची बाजू घेतली असती तर माझा आवाज फुटला असता.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत मी माहेरी गेले नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. लग्नात कानपिळी असते, नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाचं वस्त्र घेतो. माझ्या दादानं उत्साहाच्या भरात कान जरा जास्तच पिळला. नवरदेव किंचाळले. मंडपात हशा पिकला. नवरदेवांनी दादाचा हात झिडकारला आणि त्या झटक्यात दादाची टोपी खाली पडली, तीही नेमकी कुणाच्या तरी पायाखाली. एवढंच. दादा म्हणाला, त्यांनी मानानं बोलावल्याशिवाय मी त्यांचा उंबरा चढणार नाही. सासरचे म्हणाले, न्यायला भाऊ आल्याशिवाय आम्ही सून पाठवणार नाही. बोलावणं गेलं नाही, भाऊ आला नाही. दोन्हीकडचा मान शाबूत राहिला आणि मी मधल्या मधे सुरतेत अडकले.

एकटीनं उधन्याच्या स्टेशनावर गाडीत बसले असते तर संध्याकाळच्या आत अमळनेर. पण एकटी आलेली सून म्हणजे निघून आलेली सून. आईसुद्धा फोनवर म्हणायची, "बाई, एकटी येऊ नको, लोक काय म्हणतील." सासूबाई कधी वाईट बोलल्या नाहीत. गल्लीत ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायच्या, "आम्ही कोठे आडावतस? लेवाले कोनी उनं ते आजच धाडसूत." नवरा तर काहीच बोलायचा नाही. माहेरचा विषय निघाला की त्याचा हात आपोआप कानाकडे जायचा आणि तो ताटावरून उठायचा. मारत नव्हता, पीत नव्हता. मग मी रडते का, हे मला जिजींना सांगता आलं नसतं.

खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेच्या आधी भाऊ नाहीतर मामा न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मग लेकी माहेरी जाऊन झोके घेतात, सांजोऱ्या खातात. आखाजी जवळ आली की आमची गल्ली सुनांवाचून ओस पडायची. मामांच्या खोलीत तेव्हा मालिका बघायला उरायचे तिघं. मामा, बा आणि मी. पहिल्या वर्षी मामांनी विचारलं, "तू नही गई?" मी म्हटलं, यंदा जमलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि परत टीव्हीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी मालिका संपल्यावर मला बळेच बसवून भाकरी आणि ठेचा खायला लावला होता. मी तेव्हा त्यांना विक्षिप्त म्हातारा समजले.

तिसऱ्या वर्षी आखाजीच्या आधीच्या आठवड्यात तो भाग लागला. खोली अजून भरलेली होती, जिजींचा भाऊ दुसऱ्या दिवशी येणार होता. पडद्यावर सणाचा दिवस, आणि सुनेचे वडील पहिल्यांदाच तिच्या दारात उभे राहिलेले. हातात मिठाईचा पुडा. म्हणाले, "चल बाळ, तुला न्यायला आलोय." आमच्या सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. इतके महिने मामा ज्याची वाट बघत होते ते घडत होतं. मामा चक्क दोन पावलं पुढे सरकले.

सुनेनं मागे वळून सासूकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि म्हणाली, "मी खुशीत आहे बाबा. तुम्ही जा." आणि दार लावून घेतलं.

आम्ही सगळ्या सुन्न झालो होतो. दार सासू लावेल, नवरा लावेल, असं काहीही मनात होतं. ती स्वतः लावेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जिजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जिजी रडतात हा आणखी एक धक्का. बा विचारत होत्या, "शुं थयुं? शुं थयुं?" त्यांना सांगायला कुणाच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी मीच बोलले. म्हटलं, "बरोबर केलं तिनं. बापाला उगाच घोर कशाला?"

मामांनी बांच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना टीव्ही बंद. आजवर गल्लीत माणूस गेलं तरी आवाज कमी व्हायचा, टीव्ही बंद होत नसे. मामा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं रागावले. आम्ही गठ्ठे उचलून आपापल्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दाराशी लसूण सोलत होत्या, नवरा कामावर जायला बूट घालत होता. दारात मामा. कमरेला परीटघडीचं धोतर, डोक्यावर टोपी, हातात ती खाकी पिशवी. खुंटीवरून उतरलेली ती पिशवी बघून मला आधी वाटलं, कुणी गेलं की काय.

"मी पोरले लेवाले उनू," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

सासूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. "तुम्ही? तुम्ही हिना कोन लागतस?"

"मामा."

"कोना मामा?"

"आख्खी गल्लीना मामा, ते हिना बी मामा. तुम्हीच सांगतस ना, लेवाले कोनी उनं ते आजच धाडसूत? मी उनू." आणि त्यांनी नारळ काढून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

समोरच्या ओट्यावर जिजी बॅग भरून भावाची वाट बघत उभ्या होत्या. बा बाहेर आल्या होत्या. सासूबाईंना त्यांच्याच शब्दांत धरलेलं आणि साक्षीला गल्ली उभी. त्या गोंधळून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवऱ्याचा एक बूट पायात, एक हातात. सगळे थिजलेले. आता फक्त मी 'हो' म्हणायचं होतं. तीन वर्षं रोज रात्री मी मनात हेच तर बघत आले होते. आणि मी दाराची चौकट धरली आणि म्हटलं, "मी खुशीत आहे मामा. तुम्ही जा."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं ते कुणाचे आहेत. मला कुणी शिकवलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

मामांनी टोपी काढली आणि ते उंबऱ्यावर बसले. जन्मभर उभा राहिलेला माणूस, त्याला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"आते नही जावाव," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की समोरच्या ओट्यावर ऐकू गेला नसेल. "मनी बहीन बी असंच बोलनी व्हती. असंच दार धरीसन. मी खुशीत शे भाऊ, तू जाय. मी ऐकं, आनि मांगे फिरनू."

"मंग?" विचारलं ते मी नाही, सासूबाईंनी.

"मंग काय. पुढलं बलावनं तिना दहावानं उनं."

लसणाची सालं वाऱ्यानं इकडेतिकडे जात होती. नवऱ्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग सासूबाई पदर सारखा करत उठल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुऱ्हाळी बिनचहाना जास का? चहा ठेव. आनि तुनी पिशवी भर." मी चहात साखर घातली की नाही, मला आजही आठवत नाही.

निघताना मामांनी नवऱ्याला बजावलं, "हिले परत लयाले तू ये. दुसरा कोनी उना ते आम्ही धाडाव नही." तो कान चोळत होता. आणि आम्ही गल्लीच्या वळणाशी पोचलो तोवर सासूबाई मागून चालत आल्या. त्यांनी मामांना विचारलं, "गाडी दोंडाईचावरथीन जास ना?" मामा हो म्हणाले. "मना गावले तठूनच जातस," एवढं बोलून त्या परत फिरल्या. मी रस्त्यात उभीच राहिले. तीन वर्षं मी ज्या बाईच्या घरात राहत होते, तिला गाव आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

अमळनेरला दादानं मामांना पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बहिणीला घेऊन आलेला हा मामा कुठला, आईला तर भाऊच नाही. मामांनी त्याला एका बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुनी टोपी धुईसन निंघनी व्हती रे, पोरना तीन वरीस भरीसन निंघाव नहीत." दादा त्या दिवशी जेवला नाही. आखाजी झाल्यावर नवरा मला न्यायला आला, तो भर वैशाखात कानाभोवती रुमाल गुंडाळून. दादा दारात गेला, रुमालाकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. मग नवराही हसला. संसार काही एका हसण्यानं सुधारत नाही. तो अजूनही रागावला की ताट सरकवतो. पण आता मी विचारते, आणि तो कधी कधी सांगतो.

त्यानंतर सासूबाई माझ्याबरोबर मालिका बघायला येऊ लागल्या. सुनेवर लक्ष ठेवायला जातात असं जिजी म्हणायच्या. मामा त्यांच्यासाठी पाट टाकायचे आणि स्वतः नेहमीसारखे उभे राहायचे. मालिकेनं एकदा वीस वर्षांची उडी मारली. आमची रडकी सून एका रात्रीत सासू झाली, केसांत पांढरी बट आली आणि ती नव्या सुनेला छळायला लागली. खोलीत कल्लोळ झाला. ज्या बाईसाठी बा वर्षभर रडल्या होत्या, तिला आता सगळ्या शिव्या घालू लागल्या. जिजी तर म्हणाल्या, "असी सासू निंघनी ही? हिनं वाटोळं होवो."

मामांनी आवाज बंद करायला लावला. "हिले आजून कोनी लेवाले उनं नही," ते म्हणाले.

सासूबाई उठल्या, दूध उतू जाईल म्हणाल्या आणि घरी गेल्या. त्या दिवशी घरात दूध नव्हतं. मी मागोमाग गेले तर त्या अंधारात पलंगावर बसल्या होत्या. मी दिवा लावला आणि त्यांना विचारलं, तुम्ही माहेरी कधी गेला होता? म्हणाल्या, भाऊ होता तोवर यायचा, तो गेला, मग कोण येणार. भाचे आहेत, त्यांना आत्या आहे हे तरी आठवत असेल का. त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी मामांना हे सगळं सांगितलं. मामांनी गावाचं नाव तेवढं विचारून घेतलं.

पुढच्या आखाजीला दादाच मला न्यायला येणार होता. मी सकाळपासून आवरून बसले होते. दारात चाहूल लागली म्हणून बघते तर मामा. परीटघडीचं धोतर, टोपी, हातात खाकी पिशवी.

"मामा, यंदा दादा येतोय," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायचं राहिलं."

"तुले लेवाले नही उनू," मामा म्हणाले. त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात दिला. मग ते सासूबाईंकडे वळले. "चाल बहीन. दोंडाईचाले भाचा गाडी लईसन उभा शे."

नवऱ्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. समोर जिजींनी तोंडावर हात ठेवला. साठी उलटलेली बाई, नातवंडं खेळवायच्या वयाची, तिला आखाजीला मुऱ्हाळी. असलं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. सासूबाई आधी हसल्या, मग चिडल्या. "या वयमा? लोके हासतीन माले." मामा पिशवी धरून दारातच उभे राहिले. सासूबाईंचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. त्यांनी हात मागे नेऊन दाराची चौकट धरली.

"मी आठे खुशीत शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा."

मामांनी टोपी काढली आणि ते उंबऱ्यावर बसले. मी चहा ठेवायला गेले नाही. नारळ कोनाड्यात ठेवला आणि सासूबाईंची पिशवी भरायला घेतली.